आमच्या तळ्यातलं पाणी उत्तम आहे

आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, माणसाची किंमत त्याच्या तळ्यावरून ठरते. तळं म्हणजे कमळांचं नव्हे, जिताड्याचं. जिताडा हा मासा खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्या पाण्यात जगतो, आणि आमच्याकडे तो मुख्यतः साहेबलोकांच्या स्वयंपाकघरात जाण्यासाठी जगतो. कुणाचा दाखला अडलेला असो की कुणाच्या मुलाची बदली व्हायची असो, आधी अर्ज जातो आणि मागोमाग ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा. अर्ज गहाळ झाल्याच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. जिताडा गहाळ झाल्याची एकही ऐकलेली नाही.

मी मूळची इथलीच. लग्नानंतर पनवेलला गेले आणि तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त, थुंकी आणि बाकी जे काही लोक बाटलीत भरून आणून देतात ते तपासण्यात माझी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माहेरच्या जमिनीतल्या माझ्या वाट्यावर आम्ही दोन खोल्या बांधल्या. आमचे हे अजून न्हावा शेव्याला नोकरीत आहेत. शनिवारी येतात, मासे खातात, "काही म्हण, गावची हवा ती गावची हवा," असं म्हणतात आणि सोमवारी पहाटे ती हवा सोडून पळतात. बाकीचा आठवडा माझी सोबत म्हणजे माझा थोरला भाऊ आणि वहिनी.

दादा माजी सरपंच आहे. यातला 'माजी' हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारत नाही. मागच्या निवडणुकीत त्याला आमच्याच चुलतभावाने पाडलं, आणि तेव्हापासून दादाच्या हातात सत्ता उरली ती एका तळ्यावर. आमची भाताची खाचरं होती तिथेच हे तळं आहे. एका वादळात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि जमीन भाताला कामाची राहिली नाही. दादाने हार न मानता तिथे बांध घातले, पाणी अडवलं आणि जिताड्याची पिल्लं सोडली. ही गोष्ट खरोखर कौतुकाची होती. पण कौतुक दुसऱ्या कुणी करायची वाट पाहणं त्याच्या स्वभावात नसल्यामुळे त्याने बांधावर एक मोठा फलक लावला: 'आदर्श जिताडा संवर्धन प्रकल्प'. खाली त्याचा हात जोडलेला फोटो. मासे पाण्यातून वर आले की त्यांना पहिलं दर्शन त्याचं व्हायचं.

तळं चालवायची दादाची पद्धत ग्रामपंचायत चालवायच्या पद्धतीसारखीच होती, म्हणजे मन मोठं आणि हिशेब नाही. पिल्लं देणाऱ्याने सांगितलं होतं की एवढ्या पाण्यात इतकीच सोडा. दादाने त्याहून कितीतरी जास्त सोडली. "घर भरलेलं असावं," तो म्हणाला. खायला बारीक मासळी टाकायचं ठरलं होतं. पण नाक्यावरच्या कोंबडीच्या दुकानातली आतडी फुकट मिळतात म्हटल्यावर तीही पाट्या भरभरून पडायला लागली. मासे खायचे तेवढं खायचे, उरलेलं तळाशी जायचं.

"दादा, जास्त होतंय," मी एकदा म्हटलं.

"बाय, ते काय तुझ्या लॅबमधले पेशंट हायत काय? खाऊ दे पोटभर."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे उघाडी. आमच्याकडे खाडीचं पाणी भरतीला एका पाटातून आत येतं. हा पाट आधी चुलतभावाच्या तळ्याजवळून जातो आणि मग आमच्या तळ्याच्या तोंडाशी पोचतो. तिथे लाकडी फळ्यांचा दरवाजा आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. फळ्या वर ओढल्या की भरतीचं ताजं पाणी आत येतं, ओहोटीला जुनं बाहेर जातं. निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी दादाने फळ्या खाली ठोकल्या त्या ठोकल्याच. "त्याच्या दारावरून आलेलं पाणी माझ्या तळ्यात नको," असं त्याने जाहीर केलं. पाणी आटलं की तो बोअरचं थोडं सोडायचा, पण जुनं पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. चैत्रापर्यंत तळं कोथिंबिरीच्या चटणीच्या रंगाचं झालं. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवायचा, "कसा हिरवागार रंग आलाय बघा! जीव हाय पाण्याला."

जीव होताच. किती होता, ते आम्हाला लवकरच कळणार होतं.

वैशाखातल्या एका सकाळी मी चहाला गेले तर वहिनी तळ्याच्या काठावर उकिडवी बसलेली. तिच्या हातात एक जिताडा होता. मेलेला नव्हता, पण जिवंत म्हणावं असंही त्याच्यात काही नव्हतं. अंगावर लाल चट्टे, शेपटीची कड कुरतडल्यासारखी, आणि एका डोळ्यावर दुधाची साय धरल्यासारखा पडदा.

"बाय, ह्याला काय झालाय गो?" वहिनी म्हणाली. "हाताने धरला तरी पळत न्हाय."

दादा आला, त्याने एक नजर टाकली आणि निर्णय दिला, "दुसऱ्यानं चावलाय. जिताडा जिताड्याला खातो, म्हाईत न्हाय काय?"

ही गोष्ट खरी आहे. मोठा जिताडा लहानाला गिळतो. आणि भाऊबंदांनी भाऊबंदाला चावणं हे दादाला ताजंच अनुभवाचं असल्यामुळे त्याला हे कारण मनापासून पटलं. पण दुसऱ्या दिवशी असेच चार-पाच निघाले, आणि त्यानंतर रोज सकाळी काठाला पांढरी पोटं दिसायला लागली. तेव्हा मला राहवलं नाही. मी कापसाच्या बोळ्याने एका माशाच्या जखमेतलं पाणी टिपलं, बाटलीत बंद केलं, ती बाटली पर्समध्ये घातली आणि एसटीने थेट पनवेलची जुनी लॅब गाठली. तिथली माझी मैत्रीण आधी हसली, मग नाक दाबलं, आणि मग जुन्या नात्याला जागून जंतू वाढवून बघायला तयार झाली.

दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले. वाकडे, बारीक, स्वल्पविरामासारखे. निवृत्तीनंतर इतका आनंद मला दुसऱ्या कशानेच झाला नव्हता. एसटीत परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात भाषणच तयार केलं. गुन्हेगार सापडला होता, आणि तो मी पकडला होता.

अंगणात सगळ्यांसमोर मी सांगितलं, "तळ्यात रोगजंतू आहेत."

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे तू पनवेलला बघितलेस ना?"

"हो."

"मग ते पनवेलचे असतील. एसटीत बसले असतील बाटलीत. आपल्या तळ्यातलं पाणी उत्तम हाय."



जंतू मान्य नसले तरी औषध मान्य होतं. दादाने कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि नवी मुंबईहून एक मत्स्यसल्लागार मोटारसायकलवरून अवतरला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, आणि बॅगेत निळे डबे. पाण्याकडे त्याने बघितलंच नाही, थेट दादाच्या फोटोकडे बघितलं.

"सर, टेन्शन लेने का नाय," तो म्हणाला. "हा प्रॉब्लेम सगळीकडे चालू आहे. आपला प्रॉडक्ट टाका, आठवड्यात फिश एकदम टकाटक."

डब्यात पिवळी पूड होती. वासावरून मी ओळखली. आमच्याकडे माणसांना देतात त्याच जातीचं अँटिबायोटिक होतं.

"हे खाद्यात घालायचं ना?" मी विचारलं. "पण मासे खातच नाहीत. मग ते त्यांच्या पोटात जाणार कसं? आणि हे या जंतूंवर चालतं का, ते तपासलंय का कुणी?"

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आप डॉक्टर हो?"

"नाही. लॅबमध्ये होते."

"हां. तो ह्यूमनचं वेगळं असतं मॅडम, फिशचं वेगळं."

दादा कौतुकाने मान हलवत होता. सल्लागाराने जाता जाता आणखी एक सल्ला फुकट दिला: पाण्यात चुना मारा, सगळं साफ होईल. मग काय, आतड्यांना पिवळी पूड चोळून पाट्या तळ्यात पडायला लागल्या. भूक मेलेल्या माशांनी ती खाल्ली नाहीत, ती तळाशी जाऊन कुजली आणि पूड पाण्यात विरघळली. आमच्या तळ्यातल्या जंतूंचा तेवढा फुकटात व्यायाम झाला.

नेमक्या याच दिवसांत जिल्ह्याच्या गावाहून फोन आला. एका मोठ्या साहेबांकडे पाहुणे येणार होते आणि साहेबांना दादाच्या आदर्श प्रकल्पाची आठवण झाली होती. दादा फोनवर तीनदा "व्हय साहेब" म्हणाला आणि ओटीवर मटकन बसला.

"काय करू रं आता?" त्याने कुणालाच न उद्देशून विचारलं.

"त्यातलाच एक बरा बघून द्या की," अंगणात बसलेल्या एका कार्यकर्त्याने सुचवलं. "मसाल्यात काय कळतंय?"

वहिनी आतून आली. ती सहसा पुरुषांच्या बोलण्यात पडत नाही, पण पडली की बोलणं संपतं. "औषध घातलेला आजारी मासा कोणाच्या पानात जायचा न्हाय. साहेबाच्या पण न्हाय," ती म्हणाली.

दादाने तिचं ऐकलं. पण त्याने साहेबांना खरं काय ते सांगितलं नाही. पहाटे उठून तो अलिबागच्या बाजारात गेला, तिथून एक उत्तम जिताडा विकत घेतला, घरी आणून आपल्या तळ्याच्या पाण्याने धुतला, म्हणजे धुणार होता, वहिनीने हात धरला म्हणून राहिला, आणि गोणपाटात गुंडाळून पाठवून दिला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. दादाने फोन मोठ्या आवाजावर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. "अशी चव बाजारात मिळत नाही हो," साहेब म्हणत होते. "पाण्याचा फरक असतो, पाण्याचा!"

दादा हसला, पण अर्धवट. त्याच संध्याकाळी त्याने तळ्यात चुना मारला. पोती फोडून, काठाने फिरत, भरपूर.

दादाची एक सवय होती. रोज दिवस मावळायला आला की तो लोखंडी बादली घेऊन बांधावर उभा राहायचा आणि तिच्यावर काठीने ठकठक करायचा. तो आवाज ऐकला की मासे काठाशी गोळा व्हायचे आणि पाणी उकळल्यासारखं हलायचं. चुना मारल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बादली वाजवली. पाणी हललं नाही. त्याने पुन्हा वाजवली, जरा जोरात. मग तो काठाने चालत पुढे गेला आणि तिथे वाजवली. त्या दिवशी सकाळी आम्ही इतके मासे बाहेर काढले होते की ते पुरायला खड्डा अपुरा पडला होता, तरी तो बादली वाजवत होता. मी आणि वहिनी घराच्या दारातून बघत होतो. शेवटी तो बांधावर खाली बसला, बादली बाजूला ठेवली आणि पंच्याने तोंड पुसायला लागला. पुष्कळ वेळ पुसत होता.

रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "तुझ्या वळखीचा कोण हाय काय? माशांचा?"

माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, पण पनवेलच्या मैत्रिणीच्या ओळखीची एक बाई होती. मत्स्यविज्ञान शिकलेली, खाऱ्या पाण्याच्या तळ्यांवर हिंडणारी. तिने फोनवर एकच अट घातली. सूर्य उगवायच्या आत तिला तळ्यावर पोचायचं होतं, म्हणून ती आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला आली. वहिनीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि लवकर झोपली. दादाने तिला प्रकल्पाचा इतिहास सांगायला घेतला होता, तो भाताच्या खाचरांपर्यंतच राहिला.

पहाटे आम्ही बांधावर गेलो. मी माझ्या जंतूंची माहिती तिला देण्यासाठी अगदी उतावीळ झाले होते. पण तिने आजारी मासा मागितलाच नाही. तिने पाणी मागितलं. उरलेले जिताडे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं काढून हवा गिळत होते, त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हे बघा. गुदमरतायत."

"पाण्यात गुदमरतायत?" दादा म्हणाला.

"पाण्यातच तर गुदमरणार. हे हिरवं दिसतं ना, ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही श्वास घेतं, मासेही घेतात, तळाशी कुजणारी घाणही तो खाते. पहाटेपर्यंत काही उरत नाही."

मग तिने एका काचेच्या नळीत पाणी घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे दोन-तीन थेंब टाकले. नळी आधी पिवळी झाली, बघता बघता गर्द हिरवी झाली. तिने ती उजेडाकडे धरली. मग एक लांब बांबू तळाशी खुपसून बाहेर काढला. त्याच्या टोकाला काळाकुट्ट चिखल होता आणि कुजक्या अंड्याचा असा भपकारा आला की बरोबर आलेला कार्यकर्ता चार पावलं मागे सरला.

"नळीतला हिरवा रंग म्हणजे अमोनिया," ती म्हणाली. "माशांची घाण आणि न खाल्लेलं खाद्य कुजून झालेला. अशा पाण्यात चुना टाकला की तो आणखी जहरी होतो. कुणी सांगितला टाकायला?"

दादा फलकाकडे बघत राहिला.

आता मात्र मी पुढे झाले. स्वल्पविरामाची गोष्ट सांगितली, बोळा, लॅब, सगळं. "हे जंतू तळ्यात आले कुठून?" मी विचारलं.

"कुठून येणार ताई? ते इथेच असतात. खाडीत असतात, चांगल्या धडधाकट माशाच्या अंगावरसुद्धा असतात. माशाला दम घेता येतोय, गर्दी नाही, पाणी बदलतंय, तोवर ते त्याचं काही करू शकत नाहीत. तुम्ही चोर पकडलात ते बरोबर आहे. पण दार उघडं टाकून घरचे सगळे बेशुद्ध पडले होते, ते कोण बघणार?"

माझं एसटीत तयार केलेलं भाषण तिथल्या तिथे संपलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. दादा आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी चुकलो होतो.

उपाय तिने सोपे सांगितले. खाद्य बंद. औषध बंद. मेलेले मासे खाडीत न टाकता लांब पुरायचे. पाणी हलवायला चाकाचं यंत्र लावायचं, ते तिने ओळखीच्या एका तळ्यावरून मिळवूनही दिलं. आणि रोज भरतीला थोडं थोडं ताजं पाणी आत घ्यायचं.

"म्हणजे उघाडी?" दादाने विचारलं.

"म्हणजे उघाडी."

"ते जमायचं न्हाय," दादा म्हणाला, आणि उठून आत गेला.

पुढचे दोन दिवस अंगणात बैठका झाल्या. खाडीपर्यंत वेगळा नवा पाट खणावा असा ठराव आला. चुलतभावानेच पाण्यात काहीतरी टाकलं असं वर्तमानपत्रात द्यावं असा दुसरा ठराव आला, आणि एक वार्ताहर फोटो काढूनही गेला. फोटोत दादा मेलेला मासा धरून उभा होता आणि मागच्या फलकावर 'आदर्श' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता, म्हणून तो छापू नये असं नंतर त्यालाच कळवावं लागलं. या काळात चाक गरगर फिरत होतं, मासे थोडे कमी मरत होते, पण मरत होतेच.

तिसऱ्या दिवशी वहिनीने दादासमोर चहाचा कप ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"रोज खायला कोण घालतो त्यांना? मी. मेलेले कोण गोळा करतो? मी. उद्या भरतीला फळ्या मी काढनार. तुम्हाला बघवत न्हाय तर घरात बसा."

"त्याला विचारल्याबिगर?"

"त्याच्या बायकोला मी कालच विचारलाय. आमचा एकच बचत गट हाय."

चुलतभावाची बायको हो म्हणाली होती, पण चुलतभाऊ स्वतः संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. दादाने खुर्ची दिली नाही आणि त्याने मागितली नाही.

"भरतीला पाणी घ्या, माझी ना न्हाय," तो म्हणाला. "पण ओहोटीला तुमची घाण माझ्या दारावरून खाडीला जानार. माझे मासे मेले तर?"

दादा उसळून उठला. पण माशांची मॅडम त्या दिवशी परत पाहणीला आलेली होती, ती म्हणाली, "ते बरोबर बोलतायत."

चुलतभावाचं काही बरोबर असू शकतं हे दादाला अपेक्षित नव्हतं. चुलतभावालाही नसावं, कारण तो आधी गोंधळला. मग त्यानेच जरा वेळाने आठवण काढली की तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, थेट खाडीच्या बाजूला, बांधाखालून पाणी सोडायची एक जुनी मोरी होती. दोघं लहान असताना तिथे खेकडे धरायचे. ती गाळाने बुजली होती. ताजं पाणी इकडून घ्यायचं आणि जुनं तिकडून सोडायचं, असं केलं तर कुणाचंच नुकसान नव्हतं.

मोरी शोधायला दुसऱ्या दिवशी सगळे फावडी घेऊन गेले. ती सापडली. तिच्या बरोबर वर दादाचा फलक उभा होता.

चुलतभावाने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं, तोंडात मात्र त्याने गाल आतून चावून धरला होता हे मला दिसत होतं. दादाने फलकाच्या खांबाला हात घातला आणि म्हणाला, "आता बघता काय? वढा की!"

मग आजी आणि माजी असे दोन सरपंच गुडघाभर काळ्या चिखलात उभे राहून घाम गाळायला लागले. सुरुवातीला दोघेही एकमेकांशी न बोलता बाकीच्यांना हुकूम सोडत होते, दोन दिशांना दोन. बाकीचे लोक दोन्ही हुकूम ऐकून तिसरंच करत होते आणि म्हणून काम पुढे सरकलं. दुपारी मोरीचं तोंड मोकळं झालं तेव्हा चुलतभाऊ गाळात घसरला आणि दादाने त्याला दंडाला धरून वर ओढला. तेव्हा दोघे बोलले ते एवढंच:

"वजन वाढलंय तुझं."

"पदाचं हाय ते."

दादा हसला. मोठ्याने. मॅडमनी बजावल्याप्रमाणे आम्ही पाणी एकदम सोडलं नाही. रोज भरतीला थोडं आत, ओहोटीला थोडं बाहेर. तळाशी साचलेला गाळ जमेल तेवढा ओढून बांधावर काढला. चटणीचा रंग हळूहळू फिका झाला. आठवडाभरात काठाची पांढरी पोटं कमी झाली, मग एखाददुसरं, मग नाही. निम्म्याहून जास्त मासे आम्ही गमावले होते. राहिले त्यांच्या अंगावर जखमांचे वण होते, शेपट्या वेड्यावाकड्या होत्या, पण त्यांनी पुन्हा खायला सुरुवात केली. त्यांना बाजारात कधी न्यायचं तेही मॅडमनी ठरवून दिलं: औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत एकही मासा विकायचा नाही. मागणीचे फोन येत राहिले. दादा सगळ्यांना "मासा अजून लहान हाय" असं सांगायचा. खोटंच होतं, पण कुणाच्या पोटाला बाधणारं नव्हतं.

दिवाळीनंतर तालुक्याला मत्स्यशेतकऱ्यांचा मेळावा भरला आणि दादाला भाषणाला बोलावलं. मी पहिल्या रांगेत होते. "मित्रहो," त्याने सुरुवात केली, "मासा पाळायचा नसतो, पाणी पाळायचं असतं. जंतू जंतू म्हणून लोक घाबरतात. अहो, जंतू सगळीकडे असतात! मी हे पहिल्या दिवसापासून सांगत होतो." टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मॅडम खाली बघून रुमालाशी चाळा करत होत्या. सल्लागारही निळे डबे घेऊन मागे उभा होता. भाषण संपल्यावर त्याने दादाशी हात मिळवला आणि पाणी तपासायच्या नळ्यांचं नवीन पॅकेट दाखवलं. आता तो तेही विकतो.

आता तळ्यात पिल्लं सांगितली तेवढीच सोडली जातात. आतड्यांच्या पाट्या बंद झाल्या. सकाळी दादा चष्मा लावून नळी उजेडाला धरतो आणि रंग ठरवताना मला हाक मारतो. मी हिरवट म्हटलं की तो पिवळट म्हणतो. मग तो चुलतभावाला फोन लावतो आणि त्याच्या नळीचा रंग विचारतो, आणि त्याचा जास्त पिवळा निघाला तर दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही.

मॅडमनी मासे विकायची आणि खायची परवानगी दिली त्या रविवारी वहिनीने तळ्यातला पहिला जिताडा शिजवला. शेपटीला वण असलेला होता, म्हणून विकायला नेला नव्हता. आमचे हे होते, चुलतभाऊ आणि त्याची बायको होती. कोकम आणि हिरव्या मिरचीचं कालवण, जाड भात. दादाने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"चवीत काहीतरी वेगळा हाय," तो म्हणाला.

"बरा की वाईट?" वहिनीने विचारलं.

त्याने ताट पुढे केलं आणि आणखी एक तुकडा मागून घेतला, आणि त्यातला अर्धा तोडून माझ्या पानात टाकला.